दुधाची चव ओळखू या : घरच्या आठ वाट्यांचा पाठ



सकाळी गोठ्यातून किंवा पिशवीतून दूध घरात येते, चुलीवर किंवा गॅसवर चढते आणि संध्याकाळपर्यंत त्याची चार-पाच रूपे होऊन जातात. चहा, दही, ताक, साय, तूप. हे सारे आपण रोज खातो, पण चाखत नाही. खाणे आणि चाखणे यांत फरक आहे. खाताना पोट भरते. चाखताना आपण पदार्थाला प्रश्न विचारतो. तू कोणत्या जनावराचा, काय खाल्लेस, किती तापलास, किती वेळ थांबलास? या वेळच्या पाठात हे प्रश्न विचारायला शिकायचे आहे.

जगात अनेक ठिकाणी लोक शेतावर जाऊन तिथल्या दुधाचे पदार्थ मुद्दाम चाखतात. जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचे मोठे बेट आहे. जपानच्या एकूण दुधापैकी निम्म्याहून अधिक दूध या एका बेटावर होते. तिथल्या लहान लहान शेतांवर चीज, लोणी, दही तयार होते आणि लोक ते चाखायला लांबून येतात. आपल्या तलमडुगुत चीज बनत नाही. पण दूध आहे, आणि दुधापासून करण्याचे ज्ञान घराघरांत आहे. ते ज्ञान जपानच्या शेतावरील ज्ञानापेक्षा कमी नाही, हे आम्हांला या पाठातून दाखवायचे आहे.

जपानचा खवा

आधी एक गोष्ट इतिहासातली. जपानी लोक पूर्वी दूध फारसे पीत नसत, असे आपण ऐकतो. ते बऱ्याच अंशी खरे आहे. तरीही सुमारे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी जपानच्या राजदरबारासाठी 'सो' नावाचा दुधाचा पदार्थ बनवला जाई. इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या 'एंगिशिकी' या राजनियमांच्या ग्रंथात त्याचे प्रमाण दिले आहे : दहा मापे दूध आटवावे, एक माप सो मिळतो. दूध आटवून घट्ट करणे म्हणजे आपला खवाच की!

पुढे कित्येक शतके हा पदार्थ विस्मरणात गेला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे जपानच्या शाळा बंद झाल्या. शाळेतील जेवणाबरोबर मुलांना जे दूध मिळत असे ते शिल्लक राहू लागले. तेव्हा अनेक जपानी घरांत लोकांनी दूध तासन् तास आटवून सो करून पाहिला. हजार वर्षांपूर्वीची कृती पुन्हा चुलीवर आली, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी तिचा उपयोग होणार आहे.

दुसरी गोष्ट भारतातून जपानला गेलेली आहे. बौद्धांच्या महापरिनिर्वाण सूत्रात दुधाच्या पाच पायऱ्यांचा दृष्टान्त येतो. दुधापासून दही, त्यापासून लोणी, लोण्यापासून तूप आणि तुपाचे सार. शेवटच्या पायरीला जपानीत 'दाइगो' म्हणतात. आजही जपानी माणूस एखाद्या गोष्टीची खरी गोडी सांगताना 'दाइगोमी', म्हणजे दाइगोची चव, हा शब्द वापरतो. तुपाच्या साराची उपमा आपल्या देशातून निघाली आणि तिथल्या भाषेत कायमची राहिली.

दुधात असते काय?

चव समजण्यासाठी दुधाची घडण ठाऊक हवी. गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते चार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सहा ते आठ टक्के. दूध संकलन केंद्रावर ज्याला 'फॅट' म्हणतात तो हाच. याशिवाय प्रथिने, दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज आणि क्षार असतात. दुधाच्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीन नावाच्या प्रथिनाचा. दही लागणे, पनीर फाटणे, चीज गोठणे ही सारी केसीनची करामत आहे.

गाईचे दूध पिवळसर का दिसते? हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीन हे पिवळे द्रव्य गाईच्या दुधात उतरते. म्हैस त्याचे 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर करून टाकते, म्हणून तिचे दूध आणि लोणी पांढरे. पावसाळ्यात हिरवे गवत मिळते तेव्हा गाईचे तूप अधिक पिवळे होते. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर ते फिके पडते. म्हणजे तुपाचा रंग पाहून ऋतू ओळखता येतो.

आपल्या मातीची खूण

आदिलाबाद जिल्हा कापसाचा. पैनगंगेच्या पलीकडचा यवतमाळही कापसाचा. ज्या भागात कापूस पिकतो तिथे जनावराला सरकी आणि सरकीची पेंड घातली जाते. याचा परिणाम तुपावर होतो. सरकी खाणाऱ्या जनावराचे तूप अधिक घट्ट असते आणि वितळायला अधिक उष्णता मागते.

ही केवळ घरगुती समजूत नव्हे. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तुपाच्या शुद्धतेच्या कसोट्या दिल्या होत्या. त्यांत 'कापूसपट्टा' असा वेगळा उल्लेख करून त्या भागातील तुपासाठी वेगळ्या मर्यादा ठेवल्या होत्या. नाहीतर सरकी खाणाऱ्या म्हशीचे अस्सल तूपही प्रयोगशाळेत भेसळीचे ठरले असते! कापसाच्या गावचे तूप वेगळे असते, हे कायद्याने मान्य केले होते.

परदेशात अमुक खोऱ्याचे चीज, तमुक डोंगराचे लोणी असे अभिमानाने सांगतात. आपल्याकडेही कुंथलगिरीचा खवा आणि साताऱ्याचा कंदी पेढा गावाच्या नावाने ओळखला जातो. आपल्या मराठी मुलखाच्या गाई-म्हशीही जागेच्या नावाने ओळखल्या जातात : नांदेडकडील लाल कंधारी, लातूर-उदगीरची देवणी, वर्ध्याची गवळाऊ, विदर्भाची नागपुरी म्हैस. जनावर, चारा, पाणी आणि करणारे हात मिळून चव घडते.

चाखण्याची तयारी

हा पाठ घरी सुट्टीच्या दिवशी करावा. आठ लहान वाट्या घ्याव्यात : उकळून कोमट केलेले दूध, दही, ताक, चक्का, पनीर, लोणी, तूप आणि खवा. सगळे एका दिवशी जमले नाही तर चार घ्यावेत. पुढील नियम पाळावेत.

१. पदार्थ फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावेत. फार थंड पदार्थाची चव आणि वास दोन्ही दबतात.
२. आधी पाहावे, मग हुंगावे, मग बोटाने दाबून पाहावे, शेवटी जिभेवर ठेवावे. लगेच गिळू नये.
३. सौम्य चवीकडून तीव्र चवीकडे जावे. दूध पहिले, तूप आणि खवा शेवटी.
४. मधे साधे पाणी प्यावे आणि ज्वारीच्या भाकरीचा लहान तुकडा खावा.
५. 'छान' किंवा 'वाईट' असे लिहू नये. काय जाणवले ते लिहावे : आंबट, खारट, कडसर, धुरकट, रवाळ, चिकट, फुसफुशीत.

एक सूचना महत्त्वाची. दूध न उकळता चाखू नये. कच्च्या दुधातून क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस हे रोग माणसाला होऊ शकतात. धारोष्ण दुधाचे कौतुक आजोबांच्या तोंडून ऐकले असेल, तरी हा पाठ उकळलेल्या दुधाचाच आहे. ज्यांना दुधाची अॅलर्जी आहे त्यांनी फक्त पाहावे आणि नोंदी ठेवाव्यात. दूध प्यायल्यावर ज्यांचे पोट फुगते त्यांना बहुधा लॅक्टोज पचत नाही. दह्यात तो काहीसा कमी झालेला असतो आणि तुपात जवळजवळ नसतो.

आठ वाट्या

दूध : नीट लक्ष दिल्यास उकळलेल्या दुधाला किंचित गोडी लागते, ती लॅक्टोजची. तळाशी लागलेली खरवडही चाखावी. तिच्यात खव्याची चव आधीच येऊ लागलेली असते.

दही : विरजणातील जिवाणू लॅक्टोजचे आम्ल करतात. आम्लता पुरेशी वाढली की केसीन एकत्र येऊन दूध घट्ट होते. आपल्याकडे हिवाळ्यात कडाक्याची थंडी असते, तेव्हा जिवाणू मंदावतात. म्हणून आजी दह्याचे भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवते किंवा चुलीच्या उबेला ठेवते. पुरते न लागलेले, गोडसर दही म्हणजे अदमुरे. मडक्यातील दही घट्ट लागते, कारण मडके पाणी शोषते.

ताक : दही घुसळून लोणी काढल्यावर उरते ते ताक. दह्यात पाणी मिसळून केलेल्या पातळ दह्यालाही हल्ली ताक म्हणतात. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. घुसळलेल्या ताकात स्निग्धांश फार कमी असल्याने ते हलके लागते.

चक्का : दही फडक्यात बांधून टांगले की पाणी गळून चक्का उरतो. यातूनच श्रीखंड होते. युरोपात आणि पश्चिम आशियात असा पदार्थ मीठ घालून पोळीबरोबर खातात. साखर न घालता चिमूटभर मीठ आणि जिरे घालून चक्का एकदा खाऊन पाहा.

पनीर : तापलेल्या दुधात लिंबाचा रस घालून दूध फाडतात. इथे काम उष्णता आणि आम्ल दोघे मिळून करतात. म्हशीच्या एक लिटर दुधापासून साधारण २०० ग्रॅम पनीर मिळते, गाईच्या दुधापासून त्याहून कमी. उरलेले पाणी फेकू नये. त्यात प्रथिने आणि क्षार असतात. कणीक भिजवायला किंवा आमटीत वापरावे.

लोणी आणि तूप : ताज्या लोण्याला दह्याचा मंद वास असतो. ते कढवताना पाणी उडून जाते, तळाशी बेरी राहते आणि खमंग वास सुटतो. सावकाश गार झालेले तूप रवाळ होते. आता गणित करा. म्हशीच्या दुधात सात टक्के स्निग्धांश धरला तर एक किलो तुपासाठी किमान १४ लिटर दूध लागते. घरी थोडे वाया जाते, म्हणून १५-१६ धरावे. बाजारात फार स्वस्त तूप दिसले तर हे गणित आठवावे.

खवा : दूध आटताना साखर आणि प्रथिने उष्णतेने एकमेकांशी संयोग पावतात. तांबूस रंग आणि भाजका वास त्यातून येतो. कढई सतत ढवळावी लागते, म्हणून चांगल्या खव्यात करणाऱ्याचा दंडही चाखायला मिळतो, असे म्हटले तरी चालेल.

नववी वाटी : चीज

चीज आणि पनीर यांत मोठा फरक वेळेचा आहे. चीजसाठी दुधात रेनेट नावाचे दूध गोठवणारे विकर (एन्झाइम) घालतात. पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत. आता सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलेही सर्रास वापरतात. शाकाहारी कुटुंबांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहावा. दूध गोठल्यावर पाणी काढून, मीठ लावून, कित्येक चीज महिनोन् महिने थंड जागी मुरवतात. साधारण दहा लिटर गाईच्या दुधापासून एक किलो कठीण चीज होते. दुकानात मिळणाऱ्या चौकोनी वड्या आणि चकत्या बहुतेक प्रक्रिया केलेल्या चीजच्या असतात. ते तयार चीज वितळवून पुन्हा ओतलेले असते.

होक्काइदोत चीज करण्याची सुरुवात बाहेरच्यांकडून शिकून झाली. १८७३ साली एडविन डन हा अमेरिकन पशुपालक जपान सरकारच्या नोकरीत आला. पुढे त्याने होक्काइदोत गोपालन आणि दुधाचे पदार्थ शिकवले. आज तिथे शिंतोकू गावी 'क्योदो गाकुशा' नावाचे शेत आहे. ज्यांना इतरत्र काम मिळणे कठीण जाते अशी माणसेही तिथे इतरांबरोबर राहून काम करतात. त्या शेतावर 'साकुरा' नावाचे मऊ चीज होते. त्याला चेरीच्या पानाचा वास देतात आणि वर खारवलेले चेरीचे फूल ठेवतात. २००४ साली स्वित्झर्लंडमधील डोंगरी चीजच्या स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले. कृती परदेशी, पण वास आपल्या झाडाचा!

आपल्याकडेही प्रयत्न होत आहेत. पुण्यात एबीसी फार्म्सने अनेक प्रकारची चीज बनवली. मुंबईच्या 'एलेफ्थेरिया' या छोट्या उद्योगाच्या 'ब्रुनोस्ट' या तपकिरी चीजला २०२१ साली स्पेनमध्ये भरलेल्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. ब्रुनोस्ट मूळचे नॉर्वेचे. चीज केल्यावर उरलेले पाणी तासन् तास आटवून ते करतात. आपण खवा जसा आटवतो तसेच!

भाषेचा एक धागाही पाहण्यासारखा आहे. व्यालेल्या गाई-म्हशीच्या पहिल्या चिकाचा आपण खरवस करतो. चिकातील प्रथिने इतकी दाट असतात की विरजण न घालता, नुसत्या वाफेवर तो गोठतो. आपले तेलुगू शेजारी त्याला 'जुन्नु' म्हणतात, आणि चीजलाही तेलुगूत जुन्नु म्हणण्याची पद्धत आहे. चीक मात्र आधी वासराचा. पहिल्या काही तासांत मिळणाऱ्या चिकातूनच त्याला रोगांशी लढण्याचे बळ मिळते. त्याचे पोट भरल्यावर उरेल तोच आपला.

खव्याची परीक्षा

सणासुदीला खवा आणि पनीर यांत पिठाची भेसळ होते. ती ओळखण्याचा सोपा प्रयोग आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमोर करावा. थोडा नमुना पाण्यात उकळून गार करावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात पिष्ट आहे. रंग आला नाही तर पिष्ट नाही, एवढेच सिद्ध होते. इतर भेसळ या प्रयोगाने कळत नाही. तपासलेला नमुना खाऊ नये. शुद्ध पदार्थाची चव ज्याच्या जिभेला लहानपणीच ठाऊक असते त्याला फसवणे अवघड जाते, हेही तितकेच खरे.

पालक आणि विश्वस्तांना

शेवटी थोडे मोठ्यांशी. जनावर ठेवणे आता सोपे राहिलेले नाही. चारा महाग आहे, माणूसबळ नाही, मुले शिक्षणासाठी बाहेर जातात. घरचे दूध फॅट मोजून केंद्रावर द्यावे आणि पैसे घ्यावेत, यात काही गैर नाही. त्या पैशावर शाळेची फीही भरली जाते. मात्र टँकरमध्ये गेलेल्या दुधाला गाव राहत नाही. तलमडुगुचे दूध आणि दुसऱ्या गावचे दूध तिथे एक होते. गावाचे नाव टिकते ते दही, तूप, खवा यांत. म्हणून आठवड्यातून एक दिवस का होईना, एखादा लिटर घरी ठेवावा आणि मुलांच्या हातून त्याचे काहीतरी करून घ्यावे.

यात भाषेचाही प्रश्न आहे. आपण पिढ्यान् पिढ्या तेलुगू शेजारात मराठी राखली. आपल्या मुलांना पेरुगु, मज्जिग, वेन्न, नेय्यि हे शब्द येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण विरजण, अदमुरे, रवी, कढवणे, बेरी, खरवड, चीक हे शब्द पुस्तकातून येत नाहीत. ते काम करताना येतात. घरात लोणी कढवणे थांबले की 'बेरी' हा शब्द मुलाला शिकवायचा तरी कशाने?

जपानमध्ये हजार वर्षांनी सो पुन्हा करता आला तो लिहिलेल्या एका ओळीमुळे. आपल्या आजींची कृती कुठे लिहिली आहे? आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे की शाळेच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून दुधाच्या एका पदार्थाची कृती आणि त्यातील शब्द विचारून त्या वहीत उतरवावेत. सोबत तेलुगू शब्दही लिहावा. खर्च एका वहीचा आहे.

स्वाध्याय

१. घुसळलेले ताक आणि पातळ केलेले दही यांची चव तुमच्या शब्दांत लिहा.
२. गाईच्या दुधात चार टक्के स्निग्धांश असेल तर एक किलो तुपासाठी किमान किती लिटर दूध लागेल?
३. गाईचे लोणी पिवळे आणि म्हशीचे पांढरे का असते?
४. दही, पनीर, चीज आणि खरवस गोठण्याची कारणे वेगवेगळी आहेत. ती एका तक्त्यात मांडा.
५. घरातील आजी, आत्या किंवा काकूंना विचारून दुधाशी संबंधित दहा मराठी शब्द आणि त्यांचे तेलुगू प्रतिशब्द मिळवा.
६. शेजारच्या घरचे दही आणि तुमच्या घरचे दही एकाच दिवशी चाखा. फरक आढळल्यास जनावर, चारा, भांडे आणि विरजण यांची चौकशी करून कारण शोधा.